शंका विचारली, घेतली की आली?

वाचकाचे पत्र : आदरणीय सर, मी रावेर तालुक्यातील केळी निर्यात करणाऱ्या एका पॅकहाउसच्या कार्यालयात हिशेब आणि पत्रव्यवहार पाहते. शिक्षण मराठी माध्यमातून झाले; इंग्रजी मेल लिहायला कामावरच शिकले. गेल्या महिन्यात आखाती देशातील एका खरेदीदाराने कळवले की, आमच्या कंटेनरमधील 140 खोकी माल पिवळा पडलेला निघाला, म्हणून तेवढी रक्कम कापून घेऊ. माल पोहोचेपर्यंतचे तापमान आमच्या नोंदीत बरोबर होते. त्यामुळे माल उतरवल्यानंतर त्यांची कोल्ड रूम बंद राहिली असावी, अशी आम्हाला शंका आली. मी लिहिले, ‘आय हॅव डाउट ऑन युअर रिपोर्ट. आय डाउट दॅट युअर कोल्ड रूम वॉज ऑफ.’ त्यांचे उत्तर आले की, पहिल्या वाक्याचे वाईट वाटले, पण कोल्ड रूम बंद नव्हती हे तुम्हालाही मान्य आहे, याबद्दल आभार. रक्कम कापली. शेठ म्हणतात, ‘डाउट’ हा शब्दच यापुढे लिहायचा नाही. माझे नेमके काय चुकले? आता पुन्हा लिहायचे तर कसे लिहू? माझी मुलगी नववीत आहे, तीही क्लासमध्ये रोज ‘सर, आय हॅव अ डाउट’ म्हणते. तिला थांबवू का?

उत्तर : ताई, आपल्या दोन वाक्यांत एकच शब्द दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा तो आपल्या हेतूच्या भलत्याच बाजूला जाऊन पडला आहे. जेथे आपल्याला केवळ विचारायचे होते, तेथे आपण अविश्वास दाखवला; आणि जेथे आपल्याला त्यांच्याकडे बोट दाखवायचे होते, तेथे आपण त्यांना निर्दोष सोडून दिले. खरेदीदाराने संधी साधली, हे मलाही दिसते. परंतु इंग्रजी जाणणारा कोणीही सरळ मनाचा माणूस त्या वाक्यांचा तोच अर्थ लावील, एवढे आधी मान्य करू आणि पुढे जाऊ.

आपले दुसरे वाक्य आधी घेतो, कारण पैसे त्यात गेले. ‘आय डाउट दॅट युअर कोल्ड रूम वॉज ऑफ’ याचा अर्थ ‘तुमची कोल्ड रूम बंद होती, हे मला खरे वाटत नाही’ असा होतो. इंग्रजीतले ‘डाउट’ हे क्रियापद ‘नाही’कडे झुकलेले असते आणि ‘सस्पेक्ट’ हे ‘होय’कडे. ‘डाउट’च्या पुढे जी गोष्ट येते ती घडली नसावी किंवा घडणार नाही, असे बोलणाऱ्याला वाटते, ‘सस्पेक्ट’च्या पुढे जी गोष्ट येते ती घडली असावी किंवा घडेल, असे त्याला वाटते. भुसावळच्या फलाटावर उभा असलेला माणूस ‘आय डाउट द ट्रेन विल बी ऑन टाइम’ म्हणाला काय किंवा ‘आय सस्पेक्ट द ट्रेन विल बी लेट’ म्हणाला काय, दोन्हींचे तात्पर्य एकच आहे, डबा उघडून जेवून घ्यायला हरकत नाही. मात्र पहिल्या वाक्यात गाडी ‘वेळेवर’ आहे आणि दुसऱ्यात ‘उशिरा’, हे लक्षात घ्या. क्रियापद बदलले की पुढची गोष्टही उलटी करावी लागते. आपण क्रियापद एका वाक्याचे घेतले आणि गोष्ट दुसऱ्या वाक्याची ठेवली.

हे आपल्याकडूनच का होते, तर त्याचे कारण आपल्या इंग्रजीत नसून मराठीत आहे, आणि ते कारण मोठे सुंदर आहे. मराठीत ‘शंका’ हे नाम एकटे फारसे काही ठरवत नाही. सगळा अर्थ त्याच्या शेजारी बसणारे क्रियापद ठरवते. शंका ‘विचारली’ म्हणजे प्रश्न विचारला, त्यात अविश्वासाचा लवलेश नसतो, उलट विचारणारा विद्यार्थी लक्ष देत आहे म्हणून गुरुजी खूश होतात. शंका ‘घेतली’ म्हणजे समोरच्याच्या सचोटीवर बोट ठेवले. घरात, व्यवहारात त्यावरून भांडणे होतात. शंका ‘आली’ म्हणजे काहीतरी पाणी मुरते आहे, हे मनाने हेरले. शंका ‘काढली’ म्हणजे बहुधा चालत्या गाड्याला खीळ घातली. आणि शंका ‘फेडली’ म्हणजे कोणीतरी समाधान केले. एवढे सगळे आपण एका शब्दावर निभावून नेतो, आणि इंग्रजी लिहिताना तो शब्द उचलून त्याच्या जागी ‘डाउट’ ठेवतो. पण शेजारचे क्रियापद मात्र मराठीतच राहून जाते.

याहूनही सूक्ष्म गोष्ट दोन लहान शब्दांत आहे. ‘कोल्ड रूम बंद होती, अशी शंका आहे’ आणि ‘कोल्ड रूम बंद होती, याबद्दल शंका आहे’ ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यात कोल्ड रूम बंद असावी, असे आपल्याला वाटते. दुसऱ्यात ती बंद होती हे आपल्याला पटलेले नाही. ‘अशी’ आले तर ‘सस्पेक्ट’, ‘याबद्दल’ आले तर ‘डाउट’. गंमत अशी की, आपल्या पत्रात आपण मराठीत बिनचूक ‘बंद राहिली असावी, अशी आम्हाला शंका आली’ असे लिहिले आहे. म्हणजे विचारात गोंधळ मुळीच नव्हता. गोंधळ झाला तो ‘मला शंका आहे की’ या अलीकडे फार बोकाळलेल्या वाक्यरचनेमुळे, असा माझा तर्क आहे. कारण त्या ‘की’पाशी ‘अशी’ आणि ‘याबद्दल’ हे दोन्ही गळून पडतात आणि वाक्य कोणत्या बाजूला झुकले आहे ते सांगणारी खूणच नाहीशी होते. म्हणून इंग्रजी मेल लिहायला बसण्यापूर्वी ते वाक्य मनात ‘की’ न वापरता मराठीत म्हणून पाहावे, एवढाच माझा आग्रह आहे. अहिराणीत तर हा घोळ होतच नाही. कोणी ‘माले वाटस’ म्हणून पुढे वाक्य टाकले, की त्याला काय वाटते ते तेथेच उघड होते, शंकेचे नावही काढावे लागत नाही. इंग्रजीतही ‘आय थिंक’ लिहून पुष्कळदा काम भागते, आणि घाईच्या वेळी तेच लिहावे.

‘डाउट’ हा शब्द लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी ‘दोन’ हा अर्थ आहे. लॅटिनमधील ‘दुओ’ आणि आपल्या संस्कृतातील ‘द्वि’ ही एकाच कुळातील भावंडे. म्हणजे ‘डाउट’ हा आपल्या ‘द्विधा’चा लांबचा नातेवाईकच झाला. स्पेलिंगमधील ‘बी’ उच्चारात येत नाही, कारण तो मुळी बोलण्यातून आलेलाच नाही. मधल्या काळातील इंग्रजीत हा शब्द ‘बी’ न घालताच लिहीत असत, नंतरच्या पंडितांनी लॅटिनची आठवण ठेवण्यासाठी तो मुद्दाम बसवला आणि तेव्हापासून पोरांना तो पाठ करावा लागतो. ‘सस्पेक्ट’चे मूळ वेगळे आहे. त्यात ‘खालून’ आणि ‘पाहणे’ असे दोन लॅटिन तुकडे आहेत, आणि त्यातला ‘पाहणे’ हा तुकडा आपल्या ‘पश्यति’च्या घरातला आहे. मान न वळवता, पापण्यांच्या आडून एखाद्याकडे पाहावे, तशी त्या शब्दाची नजर आहे.

मी अमळनेरला शिकत असताना, 1916 साली स्थापन झालेल्या तेथील तत्त्वज्ञान मंदिराच्या आवारात एका व्याख्यानाला आम्ही मुले केवळ सावली आहे म्हणून जाऊन बसलो होतो. वक्ते न्यायदर्शनावर, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रावर बोलत होते. न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, मोजले आहेत त्यांत प्रमाण (जाणण्याचे साधन) आणि प्रमेय (जाणायची गोष्ट) यांच्यानंतर लगेच तिसरा क्रमांक संशयाचा लागतो, आणि त्याचे परंपरेने चालत आलेले उदाहरण म्हणजे तिन्हीसांजेला दूर दिसणारी उभी आकृती : तो खांब आहे की माणूस? दोन्ही शक्यता मनात सारख्याच तोलाने उभ्या आहेत तोवर तो संशय. हात हलल्यासारखा वाटला आणि ‘माणूसच असावा’ असे मन म्हणू लागले, की तराजू एका बाजूला कलला. त्या वेळी हे सारे डोक्यावरून गेले. पुढे इंग्रजी शिकवू लागलो तेव्हा ध्यानात आले की, ‘आय अॅम नॉट शुअर’ म्हणजे तो तोललेला तराजू आणि ‘आय सस्पेक्ट’ म्हणजे कललेला. ‘डाउट’ही कललेलाच असतो, फक्त विरुद्ध बाजूला.

आपल्या समाधानासाठी एक सांगतो. सुमारे चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आपले वाक्य चालून गेले असते, कारण तेव्हा ‘आय डाउट’ याचा अर्थ ‘मला भय वाटते, मला संशय येतो’ असाही होत असे. स्कॉटलंडमध्ये आजही ढग दाटून आले की लोक ‘आय डाउट इट विल रेन’ म्हणतात आणि त्यांना ‘पाऊस येणार बहुतेक’ असेच म्हणायचे असते. दुर्दैवाने आपला खरेदीदार स्कॉटलंडचा नव्हता.

आता पहिल्या वाक्याकडे येऊ. ‘आय हॅव डाउट ऑन युअर रिपोर्ट’ यात व्याकरणाची चूक किरकोळ आहे. ‘डाउट’नंतर ‘ऑन’ येत नाही, ‘अबाउट’ येते, आणि या अर्थाने बहुधा ‘डाउट्स’ असे अनेकवचन वापरतात. खरी अडचण अशी की, ते वाक्य शुद्ध करून लिहिले असते तर अधिकच लागले असते! ‘आय हॅव डाउट्स अबाउट युअर रिपोर्ट’ म्हणजे ‘तुमच्या अहवालाच्या खरेपणाविषयी माझ्या मनात किंतु आहे’. आपल्याला म्हणायचे होते की, अहवालाविषयी दोन-चार गोष्टी विचारायच्या आहेत. त्यासाठी इंग्रजीत ‘क्वेश्चन’ हा साधा शब्द आहे, आणि हिशेबाच्या, बिलाच्या बाबतीत ‘क्वेरी’. ‘आय हॅव अ क्वेरी अबाउट द इनव्हॉइस’ लिहिले तर कोणाच्याही कपाळाला आठी पडत नाही. मात्र येथेही एक खड्डा आहे. ‘क्वेश्चन’ नाम म्हणून सभ्य असला, तरी क्रियापद म्हणून तो चांगलाच धारदार होतो. ‘आय हॅव अ क्वेश्चन अबाउट युअर रिपोर्ट’ म्हणजे विचारणे आहे, पण ‘आय क्वेश्चन युअर रिपोर्ट’ म्हणजे आव्हान देणे आहे. आपल्या ‘प्रश्न विचारणे’ आणि ‘प्रश्नचिन्ह उभे करणे’ यांत जे अंतर, तेच.

माणसाविषयी बोलतानाही ‘डाउट’ आणि ‘सस्पेक्ट’ यांची गल्लत करू नये. ‘आय डाउट हिम’ म्हणजे त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास बसत नाही, आणि ‘आय सस्पेक्ट हिम’ म्हणजे काहीतरी गैर त्याने केले असावे. पहिल्यात तो फार तर थापाड्या ठरतो, दुसऱ्यात गुन्हेगार ठरू शकतो. हाच शब्द नाम म्हणून आला की त्याचा उच्चारही बदलतो. क्रियापदात जोर ‘पेक्ट’वर पडतो आणि ‘संशयित’ या अर्थाच्या नामात सुरुवातीच्या ‘सस्’वर. आपल्या वृत्तपत्रांना ‘संशयित’ आणि ‘आरोपी’ यांतील भेद चांगला ठाऊक असतो. व्यवहारात लिहिताना आपणही तो पाळावा.

‘सस्पिशस’ या शब्दाचे मात्र वेगळेच आहे. मराठीत ज्याला संशय येतो तो ‘संशयी’ आणि ज्याचा संशय येतो ते ‘संशयास्पद’, अशी स्वच्छ विभागणी आहे. इंग्रजीत दोघांनाही ‘सस्पिशस’ म्हणतात. वखारीभोवती घुटमळणारा अनोळखी माणूसही ‘सस्पिशस’ आणि त्याच्याकडे टक लावून पाहणारा वखारीचा रखवालदारही ‘सस्पिशस’. म्हणून ‘ही इज सस्पिशस’ एवढेच लिहून थांबू नये. त्याला संशय आला असेल तर पुढे ‘ऑफ’ किंवा ‘अबाउट’ लावून कशाचा ते सांगावे, आणि त्याचा संशय येत असेल तर ‘ही लुक्स सस्पिशस’ असे म्हणावे. ‘डाउटफुल’चेही जवळजवळ असेच आहे, पण त्यात दोषारोप नसतो, पाऊस, निकाल, भाव, कोणाचीही ‘डाउटफुल’ म्हणून संभावना करता येते.

‘स्केप्टिकल’ हा शब्द मला आवडतो, कारण त्याच्यात अविश्वास असला तरी आकस नसतो. एखादा विक्रेता येऊन ‘या औषधाने करपा आठ दिवसांत जातो’ असे सांगू लागला, तर शेतकरी बांधावर उभा राहून, सुपारी कातरत, ‘दाखवा बरं आधी’ म्हणतो, तो ‘स्केप्टिकल’. पुरावा दिला तर तो मानायला तयार असतो. ‘डुबियस’ त्याहून खालच्या पायरीवरचा आहे; जळगावच्या सराफ बाजारात ज्या दागिन्याचा कस पाहण्यापूर्वीच सराफाच्या कपाळावर आठी पडते, तो दागिना ‘डुबियस’. आणि ‘फिशी’ हा बोलण्यातला शब्द आहे, मनात शंकेची पाल चुकचुकली की वापरायचा. शेठजींशी फोनवर बोलताना खुशाल वापरा, खरेदीदाराच्या मेलमध्ये नको. ‘डिस्ट्रस्ट’ आणि ‘मिसट्रस्ट’ यांच्या वाटेला तर व्यापारात जाऊच नये, ते दोन्ही शब्द संबंध तोडायच्या दिवशी काढायचे असतात.

‘नो डाउट’विषयी मात्र मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण येथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. आपल्याकडे बोलताना ‘नो डाउट, माणूस हुशार आहे’ असे म्हटले की ती निःसंशय स्तुती असते. तरुणपणी एका विद्यार्थ्यासाठी मी शिफारसपत्र लिहिले आणि त्यात ‘नो डाउट ही इज हार्डवर्किंग’ असे मोठ्या उमाळ्याने लिहिले. ज्यांच्याकडे ते गेले त्यांनी मला भेटीत हसत हसत विचारले, ‘कष्टाळू असेल हो, पण तुमची तक्रार काय आहे ते लिहायचे राहिले!’ इंग्रजीत ‘नो डाउट’ हे पुष्कळदा ‘असेल बुवा’, ‘मान्य आहे’ एवढ्याच तोलाचे असते आणि ऐकणारा पुढच्या ‘बट’ची वाट पाहत राहतो. ‘डाउटलेस’ही तसेच, दिसायला ठाम आणि आतून ‘बहुधा’. खरोखर निःसंशय म्हणायचे असेल तर ‘अनडाउटेडली’ किंवा ‘विदाउट डाउट’ लिहावे. त्या विद्यार्थ्याला जागा मिळाली, पण ती त्याच्या गुणांवर. माझ्या पत्राचा त्यात वाटा नव्हता.

मुलीला थांबवू नका. ‘सर, आय हॅव अ डाउट’ हे भारतातल्या वर्गांतले पक्के रुजलेले इंग्रजी आहे. ‘शंका विचारणे’ याचे ते सरळ रूप आहे, तिच्या शिक्षकांना ते कळते, आणि हात वर करणाऱ्या मुलीला शब्दावरून टोकले तर ती उद्या हातच वर करणार नाही. दहावीनंतर कधीतरी, सवडीने, एवढेच सांगा की देशाबाहेरच्या माणसाशी बोलताना ‘क्वेश्चन’ म्हणावे, नाहीतर त्याला वाटेल की आपण त्याने शिकवलेलेच खरे मानत नाही. शेठजींचा नियम मात्र मला पटत नाही. ‘डाउट’ बंद केला तर ‘तेवढ्या दिवसांत माल पोहोचेल असे वाटत नाही’ हे आपण कसे लिहिणार? ‘वी डाउट दॅट द कन्साइनमेंट विल रीच यू बाय फ्रायडे’ हे अगदी सभ्य आणि अचूक वाक्य आहे. चूक शब्दाची नव्हती, म्हणून शब्दाला शिक्षा नको.

राहिला नवा मेल. तो लिहिण्याआधी एक गोष्ट मनाशी तपासून पाहावी, असे मी सुचवीन. माल पिवळा पडला याची कारणे एकाहून अधिक असू शकतात. उतरवल्यानंतर थंडावा तुटला असेल, हे खरे. पण एखाद्या बागेतील घड जास्त तयार झालेले असताना कापले गेले असतील, तर तेही वाटेत पिकू लागतात, आणि एकदा काही फण्या पिकू लागल्या की त्यांतून निघणारा इथिलीन वायू शेजारच्या मालालाही पिकवतो. ती 140 खोकी एकाच शेतकऱ्याच्या मालाची होती का, हे आपल्या पॅकिंगच्या नोंदीत एका नजरेत कळेल. तशी निघाली, तर खांब आणि माणूस दोन्ही उभे आहेत असे समजून ‘सस्पेक्ट’ लिहूच नये, केवळ माहिती मागावी. वेगवेगळ्या बागांची असून सगळी एकाच वेळी पिवळी पडली असतील, तर आपला संशय रास्त आहे आणि तो सभ्यपणे मांडायला हरकत नाही. इंग्रजीत संशय सौम्य करण्याची रीत आपल्या ‘असावी’सारखीच आहे, ‘वॉज ऑफ’ असे ठोकून न लिहिता ‘मे हॅव बीन’ लिहायचे, आणि दोष माणसाला न देता घटनेला द्यायचा.

मी असे लिहिले असते : ‘थँक यू फॉर युअर रिपोर्ट. वी हॅव अ फ्यू क्वेश्चन्स अबाउट इट. इन माय अर्लिअर मेल आय रोट “डाउट” व्हेअर आय मेंट “सस्पेक्ट”, अँड आय अॅम सॉरी फॉर द कन्फ्यूजन. अवर रेकॉर्ड्स शो अ स्टेडी टेम्परेचर अप टु डिलिव्हरी. वी सस्पेक्ट दॅट देअर मे हॅव बीन अ ब्रेक इन कूलिंग आफ्टर अनलोडिंग. कुड यू प्लीज सेंड अस युअर कोल्ड रूम रेकॉर्ड फॉर दोज डेज?’ तिसऱ्या वाक्यातील कबुली लिहायला जड वाटेल, पण ती गाळू नका, कारण त्यांच्या उत्तरातील ‘तुम्हालाही मान्य आहे’ हा आधार तेवढ्या एका वाक्याने निघून जातो. त्याहूनही नरम लिहायचे असेल, तर ‘वी सस्पेक्ट दॅट’च्या जागी ‘वी वंडर वेदर’ घाला. तो केवळ विस्मय आहे, त्यात कोणाकडे बोट नाही, आणि तरीही वाचणाऱ्याला जे कळायचे ते कळते. मी मात्र ‘सस्पेक्ट’च ठेवीन. आपल्या हातात तापमानाची नोंद आहे, तेव्हा फार वाकण्याचे कारण नाही.

मेलसोबत कंटेनरच्या तापमानाचा तक्ता जोडा. केळी 13 ते 14 अंश सेल्सिअसला हिरवी राहून प्रवास करते, हे खरेदीदारालाही ठाऊक आहे, त्यामुळे त्या सरळ रेषेचे भाषांतर करावे लागणार नाही. आणि खोक्यांचे फोटो मागवताना ते जवळून घेतलेले मागा. थंडी जास्त झाल्याने बिघडलेल्या केळीची साल मळकट, राखट दिसते, तर उबेने पिकलेली केळी चांगली पिवळी होते. फोटोत यांपैकी काय दिसते, ते पाहूनच त्यापुढच्या मेलमध्ये कोणते क्रियापद घालायचे ते ठरवा.